मंगळाची वही आणि आईची आठवण

माझे वडील तारखात्यात होते. मंगळाचे जवळून काढलेले पहिले छायाचित्र पृथ्वीवर पोचायला आठ तास लागले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला साठी उलटेपर्यंत वाटले नव्हते. आईला मात्र तो १९६५ सालापासून ठाऊक होता.

आम्ही तेव्हा कराडला राहत होतो. सोमवार पेठेत एका वाड्यातल्या दोन खोल्या, मागे सामाईक अंगण आणि घरात अण्णांच्या ड्यूटीच्या वेळांभोवती फिरणारा संसार. मरीनर-४ हे अमेरिकन यान १४ जुलै १९६५ रोजी मंगळाजवळून गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यामुळे ही आठवण माझी नव्हे, आईची आहे. ती सांगते, अण्णा रात्रपाळीहून आले, पायरीवर बसून त्यांनी वर्तमानपत्र वाचले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलंस का, त्यांना एका फोटोला एक पूर्ण ड्यूटी लागते. त्यांचा तारवालासुद्धा आमच्यासारखाच दिसतोय."

आम्ही भावंडे मोठेपणी या गोष्टीला हसायचो. कुठे तो मंगळ आणि कुठे कराडच्या तार ऑफिसातली कडकट्ट! निवृत्तीनंतर एका दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला आकडा दिसला की तो पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मरीनरच्या एका छायाचित्रात २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याची छटा शून्य ते त्रेसष्ट या आकड्यांत सांगायची, आणि त्यासाठी शून्य-एकच्या भाषेतल्या सहा खुणा लागायच्या. म्हणजे एका छायाचित्राच्या २,४०,००० खुणा झाल्या. यान त्या सेकंदाला सव्वाआठच्या जरा वर, नेमके सांगायचे तर आठ पूर्णांक एक तृतीयांश, या वेगाने पाठवत होते. भागाकार केला. २८,८०० सेकंद, म्हणजे बरोबर आठ तास.

मग अण्णांचा हिशेब मांडला. चांगला तारवाला मिनिटाला वीस शब्द पाठवतो. शब्दाला पाच अक्षरे धरली तर मिनिटाला शंभर अक्षरे. एका अक्षराला शून्य-एकच्या पाच खुणा धरल्या तर मिनिटाला पाचशे, सेकंदाला आठ पूर्णांक एक तृतीयांश. मॉर्समध्ये अक्षरांची लांबी कमीजास्त असते, तेव्हा ही तुलना ढोबळच आहे. तरी उत्तर पाहून मी पेन्सिल खाली ठेवली. कोट्यवधी किलोमीटरवरून मंगळाचे चित्र पाठवणाऱ्या यंत्राचा हात आणि माझ्या वडिलांचा हात एकाच वेगाने चालत होता, आणि हे त्यांनी पायरीवर बसल्या बसल्या, एकही आकडा न मांडता ओळखले होते.

त्या यानाची दुसरी एक हकीकत मला फार आवडते. छायाचित्रे आधी यानावरच्या फितीवर टिपली जाऊन मग सावकाश पृथ्वीकडे पाठवली जात. फितीचे यंत्र नीट चालले आहे की नाही, याची पॅसाडीनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या अभियंत्यांना धास्ती होती. संगणकाने चित्र तयार करून देईपर्यंत त्यांना धीर धरवेना. आलेले आकडे त्यांनी कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर छापून घेतले आणि त्या पट्ट्या भिंतीवर ओळीने चिकटवल्या. रिचर्ड ग्रम नावाच्या अभियंत्याने चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून रंगीत खडू आणवले. अमुक आकड्यापासून अमुक आकड्यापर्यंत तपकिरी, त्याच्यापुढे तांबडा, मग पिवळा, असे ठरवून मंडळींनी आकडे रंगवायला घेतले. बालवाडीतली मुले रंगवतात तसेच. दुसऱ्या ग्रहाचे जवळून घेतलेले पहिले चित्र माणसाने असे हाताने रंगवून पाहिले. पुढे ते चौकटीत बसवून संस्थेचे संचालक विल्यम पिकरिंग यांना भेट दिले गेले. या प्रसंगात मला लेजरवर वाकलेली माणसे दिसतात. रॉकेटचा धूर आणि आग कुठे दिसतच नाही.

चित्रांत शेवटी दिसली ती विवरे. चंद्रासारखा उजाड, खड्ड्याखड्ड्यांचा मंगळ. कालवे नाहीत, झाडी नाही. पुष्कळांची निराशा झाली. अण्णांची झाली की नाही, हे आईला सांगता येत नाही. एवढे मात्र तिच्या लक्षात आहे की, सगळी छायाचित्रे यानाने दोनदा पाठवली हे वाचून ते खूश झाले होते. तारेत आकडे असले की ते शेवटी पुन्हा पाठवून खात्री करून घ्यायची, हा त्यांचा नेम होता.

त्यानंतरचे यान आमच्या घरात शिरले ते व्हायकिंग. मधल्या काळात सोव्हिएत रशियाने शुक्रावर याने उतरवली, मंगळावरही एक उतरवले आणि ते काही सेकंदांतच मुके झाले. पण आमच्याकडे 'सोव्हिएत लँड'चा गुळगुळीत कागद वह्यांना कव्हरे घालण्यापुरताच येत असे. व्हायकिंगच्या वेळी मी सोळा वर्षांची होते, तेव्हा इथून पुढे थोडी माझी स्वतःची साक्ष आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होत होती, म्हणून ते ४ जुलै १९७६ला उतरवायचे ठरले होते. आयत्या वेळी जागा खडबडीत दिसल्याने बेत पुढे गेला. आणीबाणीचे दिवस होते. वर्तमानपत्रात घरच्या बातम्या चाळणीतून गाळून येत, मंगळाच्या मात्र बिनधास्त येत. अण्णांनी एक लांबट वही घेतली आणि तिच्यावर ठळक अक्षरात 'मंगळ' असे लिहिले. आत चार रकाने आखले: आपली तारीख, त्यांचा दिवस, बातमी, शेरा. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो. त्यामुळे 'त्यांचा दिवस' हा रकाना आपल्या तारखेच्या हळूहळू मागे पडत जाई, आणि महिन्याच्या शेवटी अण्णा तो जुळवून ठेवत.

यान उतरले ते २० जुलैला. नेमका मंगळवार होता. आईचा उपास. आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसहा होत आले तेव्हा तिकडे संदेश पोचला, आणि आम्हाला कळले रात्रीच्या बातम्यांत. मंगळ त्या वेळी इतका दूर होता की रेडिओलहरीलाही यायला एकोणीस मिनिटे लागत होती. म्हणजे यान उतरत आहे असे पॅसाडीनातल्या माणसांना दिसत होते तेव्हा प्रत्यक्षात ते उतरून, किंवा फुटून, एकोणीस मिनिटे झालेली असणार. मला हे चमत्कारिक वाटले. अण्णांना वाटले नाही. "तारेचं तेच असतं," ते म्हणाले, "आपण 'सीरियस, स्टार्ट' घेत असतो आणि माणूस गेलेला असतो." त्या काळात दारात तारवाला दिसला की घरातल्या बायकांचा ऊर धडधडे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

व्हायकिंगने पाठवलेले पहिले छायाचित्र त्याच्या स्वतःच्या पायाचे होते. जमीन पाय धरते की आत घेते, हे आधी पाहायचे होते. आमच्या घरात या सगळ्यापेक्षा जास्त चर्चा झाली ती यानावरच्या भूकंपमापकाची. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ज्या मुलखाने अनुभवला, तिथे हे साहजिकच होते. त्यानंतर अण्णा दोन दिवस ऑफिसातून घरी आले नव्हते. पुढे वर्षानुवर्षे रात्री भांडी वाजली की आम्ही अंगणात जात असू. "तिथेपण हादरतं का?" हा आईचा मंगळाविषयीचा पहिला प्रश्न. उत्तर मिळाले नाही. पहिल्या व्हायकिंगचा भूकंपमापक बांधलेल्या अवस्थेतून सुटलाच नाही. ३ सप्टेंबरला उतरलेल्या दुसऱ्या व्हायकिंगचा सुटला, पण तो यानाच्या पाठीवर बसवलेला असल्याने त्याने मोजला तो बराचसा वारा. 'शेरा' या रकान्यात अण्णांनी लिहिले होते, 'यंत्र जमिनीवर ठेवावयास हवे होते.' २०१८ साली मंगळावर उतरलेल्या इनसाइट या यानाने आपला भूकंपमापक यांत्रिक हाताने उचलून जमिनीवर ठेवला आणि ६ एप्रिल २०१९ रोजी पहिला मंगळकंप टिपला. आईला ते सांगितले तेव्हा तिने फक्त "म्हणजे हादरतं" असे म्हटले. उत्तराला त्रेचाळीस वर्षे लागली होती.

आता निळ्या आभाळाकडे येते, कारण हा लेख खरे तर त्याच्यासाठी लिहायला घेतला आहे.

आईचा धाकटा भाऊ, आमचा वसंतामामा, तेव्हा लॉस एंजेलिसजवळ ड्राफ्ट्समनचे काम करत होता. त्याने बहिणीला लिहिलेल्या पत्रात मंगळाचे एक रंगीत छापील कात्रण घालून पाठवले. आम्हा भावंडांच्या ते पाहण्यात आले नाही. आई मात्र सांगत राहिली की मंगळावर तांबडी माती आणि वर आपल्यासारखे निळे आभाळ आहे, मी फोटो पाहिला आहे. मंगळाचे आकाश गुलाबी असल्याचे एव्हाना वर्तमानपत्रांत आले होते आणि अण्णांनी ते वहीत टिपूनही ठेवले होते. त्यामुळे आईचे निळे आभाळ हा घरातला कायमचा विनोद होऊन बसला. ती काही चुकीचे सांगू लागली की, "हं, निळं आभाळ!" असे आम्ही म्हणायचो. पुढे सुना-जावयांनीही तो विनोद उचलला. नातवंडांना तर त्याचा उगमही ठाऊक नव्हता. अण्णा म्हणत, "अगं, छापखान्याची शाई असते ती." आई गप्प बसायची. पण कधी विचारले तर पुन्हा निळेच सांगायची.

चार वर्षांपूर्वी एका कादंबरीसाठी त्या काळाची माहिती जमवताना मला कळले की पहिल्या व्हायकिंगचे पहिले रंगीत छायाचित्र २१ जुलै १९७६ रोजी प्रसिद्ध झाले, आणि त्यात आकाश निळे होते. शाईची चूक नव्हती. कॅमेरा निळ्या, हिरव्या आणि लाल गाळण्यांतून वेगवेगळ्या नोंदी घेत असे आणि त्या पृथ्वीवर एकत्र करून रंग ठरवावा लागे. घाईघाईने तो ठरवताना आपल्या डोळ्यांच्या सवयीचेच आकाश तयार झाले. नंतर यानावर मुद्दाम लावून ठेवलेल्या रंगांच्या नमुनापट्टीशी ताळा करून पाहिला, तेव्हा ध्यानात आले की मंगळाच्या हवेत बारीक धूळ तरंगत असते आणि तिच्यामुळे आकाश फिकट गुलाबी दिसते. दुरुस्ती जाहीर झाली. पण तोवर निळे आकाश छापून जगभर गेले होते, आणि त्यातले एक कराडला आले होते.

आईने पाहिले ते खरोखर निळेच होते. ज्या चुकीबद्दल आम्ही तिला पंचेचाळीस वर्षे हसलो ती पॅसाडीनाच्या शास्त्रज्ञांची होती, आणि तीही त्यांनी लगेच निस्तरली होती. आमची चूक तशीच राहिली.

यात माझा वाटा सर्वांत मोठा. मी नोव्हेंबर १९८२मध्ये क्लार्क म्हणून बँकेत लागले. (लग्नाची बोलणी त्याच सुमारास चालू होती. माझ्या पत्रिकेत मंगळ, त्यात घरात वहीवर मोठ्या अक्षरात 'मंगळ' लिहिलेले! पाहुणे यायचे असले की आई ती वही तांदळाच्या डब्यामागे लपवी.) ज्याला व्हाउचर नाही ती नोंद नाही, हे बँकेने मला शिकवले आणि मी ते घरी आणले. अण्णांच्या वहीला व्हाउचर होते, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख. आईचे नुसते तोंडी. मी कायम वहीच्या बाजूने उभी राहिले.

त्याच महिन्यात पहिले व्हायकिंग कायमचे गप्प झाले. नव्वद दिवसांसाठी पाठवलेले ते यान सहा वर्षांहून अधिक काळ काम करत होते. त्याच्या बॅटऱ्या थकल्या म्हणून चार्जिंगचे नवे आदेश पृथ्वीवरून पाठवण्यात आले, आणि ते यानाच्या स्मृतीत नेमके अशा जागी लिहिले गेले की पृथ्वीकडे अँटेना कशी वळवायची ही माहिती पुसली गेली. ११ नोव्हेंबर १९८२ हा त्याच्या संपर्काचा शेवटचा दिवस. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मी बरोबर रक्कम चुकीच्या खात्याच्या पानावर चढवली होती, बॅलन्स जुळेना म्हणून सगळी शाखा रात्री नऊपर्यंत थांबली होती. मला ती चूक सापडली आणि दुरुस्त करता आली. त्यांना आपली चूक समजली, पण ऐकणारे कान दुसरीकडे वळलेले होते.

तोपर्यंत त्या यानाला नावही मिळाले होते. कॅमेऱ्यांच्या कामाचे प्रमुख टॉमस मच हे भूगर्भशास्त्रज्ञ आणि पक्के गिर्यारोहक. ऑक्टोबर १९८०मध्ये ते आपल्या हिमालयात नुन या ७,१३५ मीटर उंच शिखरावरून उतरताना गेले. मंगळावरचे ते यान त्यांच्या स्मरणार्थ 'टॉमस मच स्मारक स्थानक' म्हणून ओळखले जाऊ लागले. नावाची पाटी पृथ्वीवरच, वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. कोणी मंगळावर जाईल तेव्हा ती तिथे लावायची आहे. अण्णांच्या वहीत हे होते का? असणार. पण मला आठवत नाही, आणि वही नाही.

अण्णा १९९१ साली गेले. १९९८मध्ये कराडची जागा सोडताना सामान मी आवरले. तारखात्याची जुनी परिपत्रके, पंचांगे, दिवाळी अंक आणि ती लांबट वही, सगळे एकाच गठ्ठ्यात वजनावर गेले. माझ्या हाताने. सांगताना अजून संकोच वाटतो.

मोठ्या संस्थांचेही फार वेगळे नसते, एवढाच एक आधार. जोसेफ मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९९ साली व्हायकिंगच्या जीवसृष्टीविषयक प्रयोगांची मूळ आकडेवारी नासाकडे मागितली. फिती होत्या, पण त्यांतली मांडणी ज्यांना ठाऊक होती ती माणसे राहिली नव्हती. शेवटी उपयोगी पडले ते प्रयोगाचे कर्ते गिल्बर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया स्ट्राट यांनी जपून ठेवलेले कागदी छापील गठ्ठे. त्यावरून आकडे पुन्हा हाताने संगणकात भरले गेले. अब्जावधी डॉलरच्या मोहिमेचा पुरावा दोन माणसांच्या कागद न टाकण्याच्या सवयीवर टिकला.

आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४च्या सकाळी पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेले. त्याचे अधिकृत अहवाल इस्रोत असतील. पण त्या रात्री बंगळूरच्या कुठल्या घरात कोण जागे होते, डबा कोणी भरला, दूध उतू गेले का, हे अहवालात येणार नाही. ते ज्या बायका-मुलांना ठाऊक आहे त्यांना आताच विचारायला हवे. माझ्यासारखे व्हाउचर मागत बसू नये. यान २०२२मध्ये गप्प झाले. घरातली माणसे अजून बोलती आहेत.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. पुण्यात माझ्याकडेच असते. ऐकू कमी येते, पण मागचे सगळे लख्ख आहे. दर रविवारी दुपारी ती सांगते आणि मी लिहून घेते. चार रकाने आखले आहेत, शेऱ्याचा रकाना सध्या मोकळा ठेवते. निळ्या आभाळाचे मला कळले त्याच दिवशी मी मोबाइलवर दोन्ही छायाचित्रे काढून तिच्यापुढे धरली होती. तिने चष्मा वर-खाली केला.

"हाच. वसंतानं पाठवलेला."

"आणि हा दुसरा?"

"हा नाही पाहिला मी."

मी तिला सगळे समजावून सांगितले आणि म्हटले, "आई, तूच बरोबर होतीस. आम्ही उगाच हसलो."

"अगं, मी काय वेगळं सांगत होते?" एवढेच म्हणून ती शेंगा सोलू लागली. जरा वेळाने मी विचारले की ते कात्रण आम्हाला घरात कधीच कसे दिसले नाही. मला वाटले होते तेही त्या रद्दीत गेले असेल.

"घरात होतंच कुठे? ह्यांनी नेलं ना ऑफिसात. टेबलाच्या काचेखाली घातलं होतं. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. रिटायर होईपर्यंत तिथंच होतं."

"पण अण्णा तर म्हणायचे, शाईची चूक आहे."

"म्हणायचे," आई म्हणाली.

देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ला बंद झाली. मरीनरने मंगळ ओलांडला त्याला आदल्या दिवशीच अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. त्या टेबलाचे पुढे काय झाले ते आईला माहीत नाही. कराडला गेले की विचारून येईन म्हणते.